‘धरण सुरक्षित’ म्हणजे नेमके कोण सुरक्षित?

कोयना परिसरात भूकंपाचा धक्का बसला की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात एक ठरलेली बातमी येते. धक्क्याची वेळ, रिश्टर मापनावरील तीव्रता, केंद्रबिंदूचे धरणापासूनचे अंतर आणि शेवटी ‘धरण सुरक्षित असल्याचे प्रशासनाने सांगितले’ हे वाक्य. पाटण, कराड, चिपळूण या पट्ट्यातील माणूस हे वाक्य वाचतो, पान उलटतो आणि कामाला लागतो. दोन पिढ्यांनी ही बातमी अशीच वाचली आहे.

या वाक्याविषयी शंका घेण्यासाठी हा लेख नाही. ते वाक्य खरे आहे, आणि ते खरे का आहे हे महाराष्ट्राने अभिमानाने समजून घ्यावे असेच आहे. तक्रार एवढीच की बातमी त्या वाक्यापाशी संपते. जिथून खरे प्रश्न सुरू व्हायला हवेत, तिथे आपण पूर्णविराम देतो.

दि. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. ऐन थंडीचे दिवस. सारे गाव पांघरुणात होते. तीव्रता ६.३ किंवा त्याहून थोडी अधिक. मुंबई-पुण्यापासून गोव्यापर्यंत माणसे झोपेतून उठून बाहेर आली. कोयनेची वीजनिर्मिती बंद पडली, मुंबईच्या कारखान्यांना त्याची झळ बसली. कोयनानगरमधील बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांवर जखमी झाली.

ही माणसे कशामुळे गेली? धरण फुटले नव्हते. नदीला पूर आला नव्हता. शिवसागर जलाशयाचे अफाट पाणी त्या पहाटे भिंतीच्या मागे जागच्या जागी थांबले होते. माणसे गेली ती स्वतःच्या घराखाली. दगड-मातीच्या भिंती आणि जड छपरे अंगावर कोसळून. धरण वाचले आणि गाव मेले, असे त्या पहाटेचे एका ओळीत वर्णन करता येईल. ‘धरण सुरक्षित आहे’ हे वाक्य ११ डिसेंबर १९६७ रोजीही, थोड्या सावधगिरीने का होईना, उच्चारता आले असते. म्हणूनच त्या वाक्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे.

भिंतीला पडलेल्या भेगा

थोडी सावधगिरी का, तेही सांगितले पाहिजे. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या कण्याला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. नदीचे हे वळणच अभियंत्यांच्या डोळ्यांत भरले. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी पूर्वेला न सोडता बोगद्याने पश्चिमेला कोकणात उतरवले, तर शेकडो मीटरची उडी आयती मिळते. पहिल्या महायुद्धानंतर टाटांनी या जागेचा विचार केला होता. पुढे आर्थिक मंदीत तो बाजूला पडला. स्वातंत्र्यानंतर काम हाती घेतले गेले. पाया खणण्यापासून १०३ मीटर उंची, आठशे मीटरहून अधिक लांबी, रबल काँक्रीटची भिंत आणि मूळची ९८.७८ अब्ज घनफूट साठवण क्षमता (दरवाजांची उंची वाढवल्यानंतर ती १०५.२५ अब्ज घनफुटांपर्यंत गेली), असे हे धरण साठच्या दशकाच्या पूर्वार्धात उभे राहिले. पोफळी, अलोरे आणि पायथ्याचे वीजगृह मिळून प्रकल्पाची आजची क्षमता १९०० मेगावॉटच्या पुढे आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक उभारणीत या एका नदीचा वाटा किती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

मात्र भिंतीचा आराखडा करताना भूकंपाचा विचार नावापुरताच झाला होता. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूभाग, इथे मोठे भूकंप होत नाहीत, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. भिंतीने सोसावयाचा आडवा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के धरला गेला. भूकंपाच्या पहाटे धरणाच्या गॅलरीतील यंत्राने प्रत्यक्षात जे नोंदवले, ते भिंतीच्या लांबीच्या दिशेने ६३ टक्के आणि आडव्या दिशेने ४९ टक्के होते. म्हणजे गृहीत धरल्याच्या दसपट. इतक्या माराखालीही भिंत उभी राहिली, यात त्या काळच्या कामाच्या दर्जाची साक्ष आहे. आज पाच वर्षांत उखडणारे रस्ते पाहणाऱ्यांनी ही गोष्ट मनात जपावी.

तथापि, भेगा पडल्या. धरणाची भिंत अखंड नसते. ती शेजारी शेजारी उभ्या केलेल्या प्रचंड ठोकळ्यांची असते. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या काही उंच ठोकळ्यांना वरच्या भागात आडव्या भेगा गेल्या आणि काही ठिकाणी पाणी झिरपू लागले. या भेगा पडण्याची जागा फार बोलकी होती. बांधकाम सुरू असताना जलाशयाच्या पातळीविषयीचा निर्णय बदलल्याने भिंतीचा छेद नेहमीसारखा राहिला नव्हता; खालच्या अंगाचा उतार वरच्या भागात एकदम बदलत होता. नेमक्या त्याच पातळीवर ताण एकवटला आणि काँक्रीट तडकले. पुढे अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भिंतीचे गणित मांडले, आणि कोयनेची भिंत ही भूकंप अभियांत्रिकीच्या जगभरच्या अभ्यासकांसाठी नमुन्याचे उदाहरण बनली. पाटण तालुक्यातील भिंतीवर जग शिकले.

आणि आपणही शिकलो, हे मान्य केले पाहिजे. भेगा इपॉक्सीने भरण्यात आल्या, ताणलेल्या पोलादी केबलनी ठोकळे वरून खाली आवळण्यात आले आणि नंतर सांडव्याव्यतिरिक्तच्या भागाला खालच्या अंगाने काँक्रीटचा भक्कम आधार देण्यात आला. हे काम १९७३ पर्यंत पुरे झाले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण मात्र त्यानंतर तीन दशकांनी, २००६ च्या सुमारास पार पडले. त्या भागाला १९६७ मध्ये गंभीर इजा झाली नव्हती हे खरे. तरीही एका भिंतीच्या दोन भागांच्या मजबुतीत तीस-बत्तीस वर्षांचे अंतर पडावे, याचे उत्तर केवळ अभियांत्रिकीत सापडणार नाही.

एवढे सारे झाले ते कशामुळे? कारण त्या वेळी ‘भेगा पडल्या आहेत’ हे सांगितले गेले. देशातील आणि परदेशातील तज्ज्ञ बोलावले गेले, नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या गेल्या, शोधनिबंध लिहिले गेले, वाद झाले. धरण सुरक्षित झाले ते धरणातील दोष मोकळेपणाने कबूल केल्यामुळे. आजच्या कोरड्या निवेदनांच्या काळात ही परंपरा आठवण्यासारखी आहे.

पाण्याचा भूकंपाशी संबंध

१९६७ नंतर काही वर्षे एक मोठा वाद गाजला. जलाशयामुळे भूकंप झाला की तो तसाही होणार होता? जलाशय १९६२ च्या सुमारास भरू लागला आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के, जमिनीतून गडगडाट असे प्रकार सुरू झाले, हे लोकांनी अनुभवले होते. आफ्रिकेतील करीबा, ग्रीसमधील क्रेमास्ता, चीनमधील शिनफेंगजियांग या जलाशयांच्या परिसरातही साठच्या दशकात सहाच्या आसपास तीव्रतेचे भूकंप झाले होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी आदी भारतीय शास्त्रज्ञांनी या सर्वांची तुलना केली. त्यांच्या कामातून जे चित्र उभे राहिले ते आज जगभर स्वीकारले गेले आहे.

सोप्या शब्दांत सांगायचे तर जमिनीखाली खडकांत पूर्वीपासून ताण साठलेला असतो आणि खडकांत जुन्या भेगा असतात. त्या भेगांच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकांना धरून असतात. वरच्या जलाशयाचे पाणी हळूहळू त्या भेगांत उतरते, तिथला दाब वाढतो आणि पकड सैल होते. ताण पृथ्वीचा, निमित्त पाण्याचे. पाण्याने भूकंप निर्माण केला असे म्हणणे जितके चूक, तितकेच पाण्याचा काही संबंध नाही असे म्हणणेही चूक. विशेष म्हणजे जलाशयाची पातळी आठवड्यात बारा मीटरहून अधिक वेगाने वाढते, तेव्हा पाचच्या वरचे धक्के बसण्याची शक्यता अधिक असते, असेही निरीक्षण मांडले गेले. पाणी किती, याइतकेच ते किती झपाट्याने चढले, हेही महत्त्वाचे आहे.

पुढचा पुरावा निसर्गानेच दिला. कोयनेच्या दक्षिणेला चांदोली येथे वारणेवर धरण झाले, १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले, आणि १९९३ पासून भूकंपांचे केंद्र वारणा जलाशयाच्या बाजूस सरकले. डिसेंबर १९९३ मध्ये आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये तिथे पाच व त्याहून अधिक तीव्रतेचे धक्के बसले. २००० आणि २००५ मध्येही पाचचा टप्पा ओलांडला गेला. एवढ्या लहान पट्ट्यात, इतकी वर्षे सातत्याने धक्के देत राहणारा दुसरा भूभाग जगात शोधूनही सापडणे कठीण.

म्हणूनच केंद्र शासनाच्या भूविज्ञान मंत्रालयाने इथे खोल विंधन प्रकल्प हाती घेतला. कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाच्या थराखालचा, कोट्यवधी वर्षे जुना ग्रॅनाइटी पाया त्यातून हाती आला. भूकंप ज्या खडकात घडतात तो खडक प्रत्यक्ष हातात घेऊन अभ्यासण्याची ही संधी. परदेशी संस्थांच्या मागे न लागता आपल्या भूमीत, आपल्या शास्त्रज्ञांनी असे काम करावे, याचा आनंद कुणाही देशाभिमानी माणसाला व्हावा.

पण या साऱ्या विद्येतून पाटण तालुक्यातील एका वाडीला काय मिळाले, हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. तीन किलोमीटर खाली काय आहे ते आपल्याला ठाऊक झाले. तीन मीटर वरच्या छपराचे काय?

कायद्याने दिलेली मुदत

धरण सुरक्षितता अधिनियम २०२१ हा कायदा दि. ३० डिसेंबर २०२१ पासून देशभर लागू झाला. त्याआधी अनेक वर्षे तो केंद्र-राज्य अधिकारांच्या वादात अडकून पडला होता. मोठ्या धरणांच्या संख्येत चीन आणि अमेरिकेनंतर भारताचा क्रम लागतो, आणि त्यातही सर्वाधिक धरणे महाराष्ट्रात. तरी धरणांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा व्हायला स्वातंत्र्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे जावी लागली.

कायदा स्पष्ट आहे. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, मोठा पूर अथवा भूकंप झाल्यास वेगळी तपासणी, उंच धरणांच्या व भूकंपप्रवण भागातील धरणांच्या परिसरात भूकंपमापन केंद्र, हयगय करणाऱ्यास शिक्षा. यातील बऱ्याच गोष्टी कोयनेवर कायद्याच्या आधीपासून होत आल्या आहेत. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना ऐंशीच्या दशकापासून काम करते. आपल्या दृष्टीने खऱ्या महत्त्वाच्या तरतुदी दोन. पहिली, प्रत्येक निर्दिष्ट धरणाचे स्वतंत्र तज्ज्ञमंडळाकडून सर्वंकष मूल्यांकन. दुसरी, प्रत्येक धरणाचा आणीबाणीचा कृती आराखडा. दोन्हींसाठी कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे २०२६ च्या अखेरीची.

मुदतीत कागद तयार होतील याविषयी मला शंका नाही. आपली प्रशासनव्यवस्था कागद तयार करण्यात कधी कमी पडत नाही. प्रश्न असा की तो आराखडा कुणाच्या हातात असेल. धरण फुटल्यास किंवा दरवाजे एकाएकी उघडावे लागल्यास पाणी कोणत्या गावात किती वेळात आणि किती उंचीपर्यंत पोहोचेल, हे त्यात लिहिलेले असते. हेळवाकच्या शिक्षकाला, पाटणच्या दुकानदाराला, कराडच्या संगमावर राहणाऱ्या कुटुंबाला ते पाहायला मिळाले पाहिजे. ते इंग्रजीत, मंत्रालयातील कपाटात असेल तर त्याचा उपयोग फक्त चौकशी समितीला होईल, आणि तोही दुर्घटनेनंतर.

इथे कुणी म्हणेल, अशी माहिती उघड केल्याने घबराट पसरेल. राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रकल्पाचे तपशील शत्रूच्या हाती लागतील. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. भिंतीचे नकाशे, वीजगृहाची रचना, बोगद्यांची माहिती गुप्त राहिलीच पाहिजे. पण पाणी आल्यास कोणत्या टेकडीवर जायचे, ही माहिती गुप्त ठेवून देशाचे संरक्षण होत नाही. आणि घबराटीचे म्हणाल तर ती अज्ञानाने पसरते. मोठा धक्का बसला की ‘कोयना फुटणार’ ही अफवा आजही मोबाइलवरून क्षणात कोल्हापूर-सांगलीपर्यंत जाते. ज्याला आपले गाव सुरक्षित पातळीवर आहे की नाही हे ठाऊक असेल, तो अफवेने पळत सुटणार नाही.

अशा अज्ञानाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुणेकरांना वेळेवर नीट सूचना मिळाली नाही. ऐन सकाळी पाणी पेठांत शिरले तेव्हाच लोकांना काय घडले ते कळले. पानशेत मातीचे आणि अपुरे धरण होते, कोयना काँक्रीटचे आहे; दोघांची तुलना अभियांत्रिकीच्या दृष्टीने करणे अन्यायाचे ठरेल. मातीवरून पाणी वाहिले की माती वाहून जाते, काँक्रीटचे तसे नसते. मात्र सूचनेच्या अभावात दोन्ही धरणे सारखीच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात, कोयनेच्या अगदी पलीकडच्या उतारावर, तिवरे येथील लहानसे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. लोक बोलत होते, ऐकणारा नव्हता.

भिंतीपलीकडचे धोके

कोयनेची भिंत पडेल असे मला वाटत नाही. अधिक खरे धोके दुसरे आहेत आणि त्यांच्याकडे ‘धरण सुरक्षित’ या शब्दांच्या आडोशाने दुर्लक्ष होते.

पहिला धोका पावसाळ्याचा. कोयनेच्या पाणलोटात जुलै-ऑगस्टमध्ये कोसळणारा पाऊस प्रचंड असतो. धरण वेळेआधी भरले आणि पाऊस थांबला नाही तर सहा वक्र दरवाजे उचलण्यावाचून गत्यंतर नसते. ते उचलले की कराडपासून सांगलीपर्यंत काळजी सुरू होते. २००५ आणि २०१९ चे महापूर कृष्णाकाठ विसरलेला नाही. धरण पूर्ण भरून घ्यावे ही विजेची आणि सिंचनाची गरज. काही भाग रिकामा ठेवावा ही पुराची गरज. २०१९ नंतर वडनेरे समितीने या प्रश्नाचा ऊहापोह केला. पर्जन्याचे अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. तेव्हा साठ्याचे वेळापत्रक त्या अंदाजांशी किती जोडले जाते, हे दरवर्षी जाहीरपणे सांगितले गेले पाहिजे.

दुसरा धोका डोंगरांचा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर दरडी कोसळल्या. यातली मिरगावसारखी गावे कोयनेच्या अगदी सावलीतली. सतत हादरणाऱ्या डोंगरात भेगा किती आणि कुठे आहेत, याचा अभ्यास भूकंपाच्या अभ्यासाशी जोडूनच व्हायला हवा. पाऊस आणि भूकंप यांची खाती सरकारदरबारी वेगळी असतील. उतारावरच्या मातीला ते ठाऊक नसते.

आणि तिसरा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो घरांचा. १९६७ मध्ये माणसे घरांखाली गेली. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारी परिसरात हजारो माणसे पुन्हा जाड दगड-मातीच्या भिंतींखालीच गेली. १९६७ नंतर कोयना परिसर भूकंपप्रवणतेच्या नकाशात वरच्या विभागात गेला, त्याप्रमाणे मोठ्या इमारतींचे नियम बदलले. पण डोंगरावरच्या वाडीत माणूस घर बांधतो ते गवंड्याला विचारून, नियमावली वाचून नव्हे. भिंतीत आडवा पट्टा कुठे घ्यावा, कोपरे कसे सांधावेत, छप्पर हलके का असावे, हे त्या गवंड्याला कुणी शिकवले का? धरणाच्या एका दुरुस्तीच्या तुलनेत किरकोळ म्हणावा एवढ्या खर्चात तालुक्यातील सारे गवंडी प्रशिक्षित होऊ शकतील. असे काम प्रसिद्धी देणारे नसते, म्हणूनच ते रेंगाळते.

जाता जाता एक. भाक्रा-नांगलच्या काळात पंडित नेहरूंनी अशा प्रकल्पांना आधुनिक भारताची मंदिरे म्हटले आणि ती उपमा फार लोकप्रिय झाली. उपमा चांगली आहे. पण आपल्याकडे मंदिर बांधले म्हणजे काम संपले असे कुणी मानत नाही. रोजची पूजा असते, शिखराची डागडुजी असते, कालांतराने जीर्णोद्धार असतो, आणि मंदिरासाठी ज्यांनी जमीन दिली त्यांचा मान पिढ्यान्‌पिढ्या राखला जातो. कोयनेसाठी जावळी-पाटणच्या खोऱ्यांतील ज्या गावांनी घरे, शेते, देवळे पाण्याखाली जाऊ दिली, त्यांच्यापैकी अनेकांचा पुनर्वसनाचा प्रश्न तिसऱ्या पिढीतही मिटलेला नाही. धरणांना सरसकट विरोध करणाऱ्यांशी आमचे मतभेद आहेत आणि राहतील. पण या गावांची तक्रार ही धरणविरोध नव्हे, ती थकलेल्या देण्याची आठवण आहे.

कार्यकर्त्यांसाठी

संकट कोसळल्यावर धावून जाणे हा आपला स्वभाव आहे. १९७९ च्या ऑगस्टमध्ये मच्छू धरण फुटून मोरबी शहर उद्ध्वस्त झाले तेव्हा चिखलातून प्रेते काढणारे स्वयंसेवक देशाने पाहिले. किल्लारीतही ढिगारे उपसायला तेच हात होते. त्या कामाचे मोल मोठे आहे. तरीही मनात असे येते की प्रेते काढण्यासाठी जेवढे हात जमतात, त्यांपैकी काही हात आधीच्या शांत वर्षांत गावोगाव फिरले असते तर?

कृष्णा-कोयनाकाठी आपल्या शाखा आहेत, वनवासी आणि ग्रामविकासाचे काम आहे, डॉक्टर आणि अभियंते संपर्कात आहेत. ग्रामपंचायतीत जाऊन ‘आमच्या गावासाठी आणीबाणीचा आराखडा काय सांगतो’ असे लेखी विचारणे, त्याची मराठी प्रत भिंतीवर लावून घेणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची व आजाऱ्यांची यादी करणे, गवंड्यांसाठी एका दिवसाचा वर्ग ठरवणे, यासाठी निधी लागत नाही. शाळेतील मुलांना धक्का बसल्यावर काय करावे हे शिकवणे तर एका तासिकेचे काम आहे. लहान मुलगा ते घरी जाऊन आजीला सांगतो, आणि आजी शेजारणीला.

पाटणच्या वरच्या अंगाला अशा वाड्या आहेत, जिथे पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते आणि मोबाइलला रेंज नसते. दरवाजे उचलण्याची सूचना तहसील कार्यालयातून संदेशाने निघते, गटावर पडते, आणि जिथे ती पोहोचायला हवी तिथे पोहोचत नाही. जुन्या काळी गावात दवंडी होती, देवळात घंटा होती, चावडीवर शिंग होते. आणीबाणीचा आराखडा वाचताना एक प्रश्न प्रत्येक गावाने विचारावा: रात्री दोन वाजता, पाऊस कोसळत असताना, वीज गेलेली असताना, आमच्या वाडीपर्यंत ही बातमी कोण आणि कशाने आणणार? त्या माणसाचे नाव आराखड्यात लिहिलेले आहे का?